मागचा एक्सल: खोलून बांधायचा की पूर्ण बदलायचा?

पिकअपच्या मागच्या एक्सलमधून घोंघाव सुरू झाला की मालकाला गॅरेजच्या दारातच दोन-तीन सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, बेअरिंग टाकू, होईल शांत. दुसरा म्हणतो, क्राऊन-पिनियनच नवीन घाला. तिसऱ्याच्या ओळखीत अपघातातल्या गाडीचा अख्खा एक्सल पडलेला असतो आणि तो संध्याकाळपर्यंत बसवूनही मिळणार असतो. बोलणं लगेच दरावर जातं. दर विचारण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: नेमकं काय झिजलं किंवा मोडलं, आणि ते कशामुळे. बांधणी करायची की बदली, हे या दोन उत्तरांवर जवळजवळ ठरून जातं. ती उत्तरं एक्सल खोलल्याशिवाय मिळत नाहीत. म्हणून खोलण्याआधी कोणी ठाम आकडा सांगितला, तरी तो अंदाजच समजावा.

इथे जे लिहिलं आहे ते बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त, इन्ट्रा यांसारख्या गाड्यांबद्दल आहे. यांची मागची चाकं गाडी ओढतात आणि मागे कमान पाट्यांवर अखंड एक्सल बसलेला असतो. पिंपळगावचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो, बंदरावरची मासळी, गावोगावचं सिमेंट याच गाड्या वाहतात. गाडी चार दिवस उभी राहिली की घरात येणारा पैसा थांबतो, त्यामुळे हा निर्णय घाईत घेतला जातो आणि घाईतच चुकतो.

हाउसिंगच्या पोटात

एक्सलच्या मधल्या गोल फुगवट्यात पिनियन आणि क्राऊन ही दातेरी जोडी असते. प्रॉपेलर शाफ्ट पिनियनला फिरवतो, पिनियन क्राऊनला फिरवतं, आणि ताकद काटकोनात वळून चाकांकडे जाते. क्राऊनला जोडलेल्या केजमध्ये लहान स्टार गिअर असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, तो फरक हे गिअर सांभाळतात. क्राऊन-पिनियनसह या सगळ्या जुळणीला डिफरन्शियल म्हणतात. तिथून दोन एक्सल शाफ्ट दोन्ही बाजूंच्या चाकांपर्यंत जातात. या सगळ्याला बेअरिंगं धरून ठेवतात आणि बेअरिंगांना हाउसिंग धरून ठेवतं.

पिनियनची मध्यरेषा क्राऊनच्या मध्यरेषेपेक्षा खाली असेल तर त्या रचनेला हायपॉइड म्हणतात. मोटारीत ती पहिल्यांदा १९२६ साली अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने आणली. प्रॉपेलर शाफ्ट खाली गेल्याने गाडीचा तळ खाली घेता आला आणि पिनियनही मोठं, मजबूत करता आलं. मात्र हायपॉइडचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, ते दाबाखाली घासत सरकतात. म्हणून त्यांना जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. गिअरबॉक्ससाठी आणलेलं जीएल-४ तेल उरलं म्हणून इथे ओतलं, तर दातांवरची चकाकी काही महिन्यांत जाते. तेल ८०डब्ल्यू-९० घालायचं की ८५डब्ल्यू-१४०, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. तेच घालावं.

आणखी एक फरक बाहेरूनच दिसतो. मागच्या हबच्या मधोमध बोल्टांनी आवळलेली जाड लोखंडी टोपी पुढे आलेली असेल, तर बहुधा एक्सल फुल फ्लोटिंग आहे. यात माल हाउसिंगच्या टोकावर बसलेला हब पेलतो आणि शाफ्ट फक्त चाक फिरवतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. सेमी फ्लोटिंग एक्सलमध्ये शाफ्ट चाक फिरवतोही आणि गाडीचा भारही पेलतो. तो बेअरिंगजवळ तुटला तर चाक शाफ्टच्या तुकड्यासकट बाहेर येऊ शकतं. सेमी फ्लोटिंग एक्सलमधला संशयास्पद शाफ्ट ‘चालेल अजून’ म्हणून परत घालू देऊ नका. तिथे पैशांपेक्षा रस्त्यावरच्या माणसांचा प्रश्न आहे.

आवाज कधी येतो, ते नीट सांगा

‘मागून आवाज येतोय’ एवढ्यावर मिस्त्रीला फारसं काही करता येत नाही. गाडी रिकामी घेऊन मोकळ्या, सपाट रस्त्यावर जा. अॅक्सिलरेटर दाबलेला, पूर्ण सोडलेला, हलका धरून वेग स्थिर ठेवलेला आणि गाडी न्यूट्रलमध्ये, अशा चार अवस्थांत कान द्या.

दाबल्यावरच ठरावीक वेगाला सूर लागतो आणि सोडल्यावर तो जातो, तेव्हा संशय क्राऊन-पिनियनच्या दातांवर, ओढणाऱ्या बाजूवर. उलट, सोडल्यावरच आवाज येत असेल तर दातांची दुसरी बाजू झिजली असेल किंवा पिनियनची बेअरिंगं सैल पडली असतील. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये रोखून धरली की हीच दुसरी बाजू राबते. कसारा किंवा आंबा घाटातून रोज माल आणणाऱ्या गाडीत हा आवाज ऐकू आला तर तो हलक्यात घेऊ नये.

अॅक्सिलरेटर कसाही असो, आवाज वेगाबरोबर वाढतच जातो, तेव्हा बेअरिंग बघावं. चाक एकदा फिरतं तेवढ्यात पिनियन चार-पाच वेळा फिरतं, त्यामुळे त्याच्या बेअरिंगचा आवाज बारीक आणि जलद असतो. चाकाच्या बेअरिंगचा आवाज जाड, संथ असतो. गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवली की भार एका बाजूला जातो आणि हा आवाज बदलतो. डांबरी रस्ता सोडून सिमेंटच्या रस्त्यावर आल्याबरोबर आवाजच निराळा झाला, तर टायर बघा. फक्त वळणावर खडखड असेल तर स्टार गिअर किंवा त्यांचे वॉशर.

पहिला गिअर टाकताना किंवा रिव्हर्समध्ये घेताना ‘खट्’ आवाज येणं ही सर्वांत नेहमीची तक्रार असते, आणि त्याचा दोष घाईघाईने डिफरन्शियलवर जातो. आधी प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस हातात धरून हलवून पाहा, सेंटर बेअरिंगचं रबर पाहा, कमान पाट्यांचे यू-बोल्ट आवळलेले आहेत का पाहा. हे सगळं आणि चाकांची बेअरिंगं तपासणं कमी खर्चाचं आहे. ती निर्दोष ठरली की मगच डिफरन्शियलच्या बोल्टला पाना लागू द्या.

तेल स्वच्छ भांड्यात काढा

डिफरन्शियलचं तेल जमिनीवरच्या खड्ड्यात किंवा जुन्या काळ्या डब्यात सोडलं तर त्यातली माहितीही वाया जाते. पांढऱ्या किंवा स्वच्छ पत्र्याच्या भांड्यात ते काढा. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलं आहे ते बोटांत चोळून पाहा. लोण्यासारखा मऊ करडा लेप ही नेहमीची झीज आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बोटाला टोचणारा चुरा, चकाकते पापुद्रे किंवा दाताचा तुकडा सापडला तर गाडी तिथेच उभी करा. तो कठीण चुरा तेलाबरोबर प्रत्येक बेअरिंगमधून फिरलेला असतो. म्हणून एका बेअरिंगचा चुरा झाला तर उरलेली बेअरिंगं ‘दिसायला चांगली’ असली तरी बदलावी लागतात.

तेल ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर आत पाणी गेलं आहे. हाउसिंगवर हवा जाण्यासाठी एक छोटी नळी किंवा टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती चिखलाने बुजली की दोन दिशांनी त्रास होतो. तेल तापल्यावर आतला दाब वाढून ऑइल सीलमधून तेल बाहेर येतं. आणि पावसाळ्यात तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदर साफ करायला काहीच खर्च येत नाही, आणि तरीही तो पाहणारं गॅरेज मला क्वचितच भेटतं. सील वारंवार जात असेल तर नवं सील घालण्याआधी ब्रीदर पाहायला सांगा.

चाकाकडचं सील गळत असेल तर ते तेल ब्रेकच्या लायनरवर जातं. तेलात भिजलेलं लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत वापरतात, तसं करू नये. लायनरची किंमत पहिल्यापासूनच हिशोबात धरा.

सगळं येऊन ठरतं हाउसिंगवर

गिअर, बेअरिंग, शाफ्ट, सील यातलं सगळं बदलता येतं. ज्या लोखंडी घरात हे बसतं तेच वाकलं, चिरलं किंवा आतून झिजलं असेल, तर त्यात घातलेला प्रत्येक नवा भाग पहिल्या दिवसापासून वाकड्या जागी बसतो. बांधणी की बदली या प्रश्नाचं माझं उत्तर इथूनच निघतं. हाउसिंग सरळ आणि धड असेल तर बांधणीचा विचार करावा. तसं नसेल तर कितीही स्वस्त पडली तरी बांधणी करू नये.

हाउसिंग वाकल्याच्या खुणा गाडी चालती असतानाच दिसायला लागतात. मागच्या टायरची एकच कड झिजते. एकाच बाजूचं सील पुन्हा पुन्हा जातं. एकाच बाजूचा शाफ्ट एकदा बदलला आणि थोड्याच महिन्यांत परत तुटला. यातली एखादी गोष्ट घडली असेल तर साधं मोजमाप घ्या. अखंड मागच्या एक्सलची दोन्ही चाकं साधारणपणे एकमेकांना समांतर आणि उभी असतात. गाडी सपाट जागी उभी करून हबच्या उंचीला दोन मागच्या टायरमधलं अंतर पुढच्या बाजूने मोजा, मग मागच्या बाजूने मोजा. चाकं अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा, म्हणजे रिम वाकडी असेल तर तेही कळेल. दोन मापांत काही मिलिमीटरचा फरक टिकून राहिला तर हाउसिंग लेथवाल्याकडे नेऊन नीट तपासून घ्यावं लागेल. तिथे दोन्ही टोकांच्या बेअरिंगच्या जागांतून सरळ दांडा घालून किंवा डायल गेज लावून वाक नेमका किती ते मोजता येतं.

चिरा शोधायच्या तर कमान पाटा जिथे बसतो त्या पॅडच्या वेल्डिंगभोवती आणि मधला गोल भाग नळीला मिळतो तिथे. आधी डिझेलने धुऊन, तारेच्या ब्रशने गंज काढून, कोरडं करून पाहावं. मातीच्या थरावर तेलाची ओली रेघ उमटलेली असेल तर खाली चीर असण्याची शक्यता आहे. मासळी वाहणाऱ्या गाड्यांकडे इथे जास्त लक्ष द्यावं लागतं. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळत थेट एक्सलवर येतं आणि गंज पत्रा आतपर्यंत खातो. असं हाउसिंग हातोडीने हलकं ठोकल्यावर खपल्या सुटत असतील तर ते सोडून द्यावं.

तिसरी जागा डोळ्याला सहज दिसत नाही, ती म्हणजे बेअरिंगची बैठक. बेअरिंग जाम होऊन आपल्या जागेतच फिरलं असेल तर ती जागा गुळगुळीत आणि मोठी होते. मग नवं बेअरिंग हातानेच आत जातं. ते ठोकून किंवा दाबूनच बसलं पाहिजे. अशा जागेत पंचाने टिंबं मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून बेअरिंग अडकवतात. तो उपाय माल खाली करून घरी परतण्यापुरता ठीक, त्यापुढे नाही. चांगला टर्नर जागा मोठी करून बुश बसवू शकतो, पण दोन बाजूंची मध्यरेषा एकच राहील अशी सोय त्याच्याकडे असायला हवी.

चिरलेलं हाउसिंग वेल्ड करावं का? पोलादी नळीवरची छोटी चीर जाणता वेल्डर भरू शकतो. मात्र उष्णतेने नळी ओढली जाते, म्हणून वेल्डिंगनंतर सरळपणा परत मोजावाच लागतो. मधला भाग ओतीव असेल तर तिथलं वेल्डिंग टिकेल याचा भरवसा धरता येत नाही. आणि वेल्डिंग करताना आत बेअरिंगं असतील तर अर्थिंगचा चिमटा चाकाला लावू देऊ नका. विजेचा प्रवाह रोलरमधून जातो आणि त्यांच्यावर बारीक खड्डे पाडतो. हौद्याचं वेल्डिंग करतानासुद्धा हीच काळजी घ्यावी.

मोडलं कशामुळे

तुटलेला शाफ्ट भंगारात टाकण्याआधी उजेडात धरा. त्याच्या टोकाच्या खाचा सरळ असायला हव्यात. त्या तिरप्या पिळल्या असतील तर शाफ्टवर झटक्याचा ताण आला आहे. तुटलेल्या तोंडावर एका कडेपासून कमानीसारख्या रेषा पसरत गेल्या असतील आणि शेवटचा थोडाच भाग खरबरीत असेल, तर चीर बरेच दिवस वाढत होती. हे थकव्याने तुटणं, आणि त्यामागे बहुतेक वेळा जादा भार किंवा वाकलेलं हाउसिंग असतं.

स्टार गिअर जळून आपल्या पिनला चिकटले असतील तर गाडी कधीतरी चिखलात रुतली होती का, ते ड्रायव्हरला विचारा. एक चाक जागेवर गरगर फिरतं आणि दुसरं उभं असतं, तेव्हा एरवी वळणापुरतेच हलणारे स्टार गिअर प्रचंड वेगाने फिरतात आणि त्यांच्यापर्यंत पुरेसं तेल पोचत नाही. त्यात फिरतं चाक एकदम कोरड्या जमिनीवर पकडलं गेलं की झटका शाफ्टला आणि पिनियनला बसतो. शेतातून माल काढताना रुतलेली गाडी रेस करून बाहेर काढण्यापेक्षा चाकाखाली फळ्या घालून किंवा ट्रॅक्टर लावून काढलेली कितीतरी स्वस्त पडते.

सर्वांत मोठं कारण मात्र पाटे वाढवणं. मागची बाजू बसते म्हणून मालक कमान पाट्यांत आणखी एक-दोन पाटे घालून घेतात. गाडी बसायची थांबते आणि जादा माल भरण्याचा धीर येतो. पण पाटे वाढवले म्हणून हाउसिंग, शाफ्ट आणि बेअरिंग जाड होत नाहीत, ते कंपनीने दिले होते तेवढेच राहतात. कायद्यानेही गाडीची क्षमता वाढत नाही. नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेलं एकूण वजनच ग्राह्य असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि माल उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्याचाच. जादा भार हेच मोडण्याचं कारण असेल आणि गाडी पुढेही तशीच चालणार असेल, तर नवा एक्सल घातला तरी तोही त्याच वाटेने जाईल. अशा वेळी मोठ्या क्षमतेच्या गाडीचा विचार करणं अधिक प्रामाणिक ठरेल.

बांधणी म्हणजे नुसते नवे भाग घालणं नव्हे

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. एक बदलला की दुसरा बदलायचाच. जोडीवर जुळणीचा आकडा कोरलेला असतो. डब्यातून काढताना तो दोन्हींवर तोच आहे का, हे स्वतः पाहा.

खरं कौशल्य त्यानंतर लागतं. पिनियन किती खोल बसावं हे बारीक शिम घालून ठरवतात. पिनियनची दोन बेअरिंगं ठरावीक दाबाने आवळतात. बऱ्याच एक्सलमध्ये यासाठी चेपणारी नळी असते, ती एकदाच वापरायची. जुनी नळी परत घालून नट ‘अंदाजाने’ आवळला तर बेअरिंग सैल राहतं किंवा जळतं. क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधला मोकळेपणा पुष्कळ गाड्यांत ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या आसपास असतो. नेमकं माप कंपनीच्या पुस्तकातून घ्यायचं आणि ते डायल गेजनेच मोजायचं. हाताने हलवून ‘ठीक आहे’ म्हणणारा मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी मिलिमीटरचा दहावा हिस्सा बोटांना कळत नाही. शेवटी दातांवर रंग लावून जोडी फिरवायची आणि घासल्याचा ठसा पाहायचा. ठसा दाताच्या मध्यभागाच्या आसपास यायला हवा. दाताच्या टोकाकडे, बुडाकडे किंवा अगदी कडेला गेला तर पुन्हा सगळं उघडून शिम बदलायचे. चांगला मिस्त्री हे दोन-तीनदा करतो आणि त्याचे जादा पैसे मागतो. ते आनंदाने द्यावेत.

म्हणूनच बांधणीचा निर्णय घेताना गॅरेजमध्ये जाऊन डायल गेज दाखवा म्हणावं. टॉर्क पाना आहे का विचारावं. ठशाचा फोटो काढून द्याल का, हेही विचारावं. या तीन प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही तर गॅरेज बदलावं. जवळपास असा माणूसच नसेल, तर धड हाउसिंग असूनही तयार बांधलेला संच घेणं शहाणपणाचं. वाईट बसवलेली नवी जोडी जुन्या जोडीपेक्षा लवकर बोंबलते.

बाजूच्या बेअरिंगच्या टोप्या ज्या एक्सलमध्ये हाउसिंगवरच बोल्टने बसतात, तिथे त्या डाव्या-उजव्या अदलाबदल होता कामा नये. त्या हाउसिंगसकट एकत्र बोअर केलेल्या असतात. खोलताना खूण करून ठेवायला सांगा.

मधला रस्ता

काही एक्सलमध्ये डिफरन्शियल पुढच्या बाजूने बोल्ट काढून अख्खं बाहेर येतं. मागची झाकणी बोल्टची नसून कायमची वेल्ड केलेली असते. तुमची गाडी अशी असेल तर तिसरा पर्याय खुला होतो. हाउसिंग, हब, ब्रेक जागेवर ठेवायचे आणि बाहेर टेबलावर नीट जुळवलेलं पूर्ण डिफरन्शियल तेवढं बदलायचं. काम जलद होतं आणि जुळणी गाडीखाली आडवं पडून करावी लागत नाही. हाउसिंग धड असलेल्या आणि हंगामात सापडलेल्या गाडीसाठी मला हा पर्याय सर्वांत पटतो.

जुन्या बाजारातला एक्सल

मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी अशा बाजारांत मोडलेल्या गाड्यांचे अख्खे एक्सल मिळतात. किमतीचा मोह मोठा असतो. फक्त तुम्ही जो घेताय तोही दुसऱ्या कोणाच्या जादा भाराखाली राबलेला आहे, हे लक्षात ठेवा. मागून धडक बसलेल्या गाडीचा असेल तर हाउसिंग वाकल्याची शक्यता पहिल्यापासून गृहीत धरा.

सर्वांत आधी रेशो जुळवा. पिनियनला ८ दात आणि क्राऊनला ४१ असतील तर रेशो ५.१२५. खोलल्याशिवाय मोजायचा असेल तर एक बाजू पक्की धरून ठेवा, दुसऱ्या बाजूचा हब बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात पिनियनची फ्लँज किती वेळा फिरली ते मोजा. तो आकडा म्हणजे रेशो. वेगळ्या रेशोचा एक्सल बसतो, गाडी चालतेही. पण घाटात ओढ कमी पडते किंवा सपाटीवर डिझेल जास्त जातं, आणि वेग प्रॉपेलर शाफ्टकडून मोजला जात असेल तर काटाही चुकीचा दाखवतो.

त्यानंतर कमान पाट्यांच्या पॅडमधलं अंतर, चाकाच्या बोल्टांची संख्या आणि वर्तुळ, ब्रेक ड्रमचा व्यास, प्रॉपेलरची फ्लँज, हँडब्रेकच्या केबलची जागा, मालाप्रमाणे ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या दांड्याची पकड, एबीएस असेल तर सेन्सरची जागा. यातली एक गोष्ट जुळली नाही की ‘थोडं वेल्डिंग करून बसवू’ सुरू होतं. ब्रेकच्या बाबतीत असली जुळवाजुळव मान्य करू नये. आणि झाकण उघडून दात पाहू देत नसेल त्या दुकानातून एक्सल घेऊ नये. आत नवी बेअरिंगं आणि सीलं घालूनच तो चढवावा, म्हणजे किमतीत तेवढी भर आधीच धरावी.

पैशांचा हिशोब

बांधणीचा खर्च विचारताना क्राऊन-पिनियनची किंमत सांगितली जाते आणि तिथेच फसगत होते. पिनियनची आणि बाजूची बेअरिंगं, चाकांची बेअरिंगं, सगळी सीलं, शिम, चेपणारी नळी, पिनियनचा नट, क्राऊनचे बोल्ट, तेल, लायनर, लेथचं काम आणि मजुरी, असं सगळं कागदावर लिहून घ्या. मग पूर्ण नव्या एक्सलचा भाव घ्या. माझा ठोकताळा असा, की बांधणीची बेरीज नव्याच्या दोन-तृतीयांशाच्या वर गेली तर नवा घ्यावा. जुन्या हाउसिंगची अनिश्चितता एवढ्याशा फरकासाठी अंगावर घेण्यात अर्थ नाही.

त्या बेरजेत उभ्या गाडीचे दिवस धरा. द्राक्षाच्या किंवा आंब्याच्या हंगामात गाडीचं रोजचं उत्पन्न पावसाळ्यातल्या उत्पन्नापेक्षा खूप वेगळं असतं. जून-जुलैत परवडणारी सावकाश बांधणी एप्रिलमध्ये महाग पडू शकते. गाडीचं वयही बघा. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. चेसिस गंजलेली आणि इंजिन धूर काढणारं असेल तर त्याखाली कोरा एक्सल घालू नये. तिथे जुळणारा, तपासलेला जुना एक्सल योग्य ठरतो.

सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. तेवढे वाचवायला बिनबिलाचा माल घेतला जातो. बेअरिंगच्या बाबतीत तो नकोच. नकली बेअरिंगचा डबा हुबेहूब असतो, आणि बिल नसेल तर दाद कोणाकडे मागणार?

एक्सल अपघातात वाकला असेल तर खोलण्याआधी विमा कंपनीला कळवा आणि सर्वेअरला पाहू द्या. नुसत्या झिजेचे पैसे विमा देत नाही. अपघातात गेलेल्या धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे घट कापली जाते. साधारणपणे पाच वर्षांवरील गाडीला ४० टक्के आणि दहा वर्षांवरील गाडीला ५० टक्के. झीरो डेप्रिसिएशनची जोड पॉलिसीत असेल तर हिशोब वेगळा होतो. अशा वेळी ‘बदली’चा पर्याय स्वस्तही पडू शकतो.

चढवल्यानंतर

नवी जोडी बसवून गाडी मिळाली की त्याच संध्याकाळी पूर्ण माल भरून घाटाला लावू नका. पहिल्यांदा रिकामी गाडी पंधरा-वीस किलोमीटर मध्यम वेगाने चालवा, थांबा आणि हाउसिंगच्या पुढच्या नाकाडाला हात लावून पाहा. कोमट ते गरम ठीक. हात ठेवताच येत नसेल तर पिनियनची बेअरिंगं जास्त आवळली गेली असण्याचा संभव आहे, आणि गाडी लगेच परत न्यावी. नंतर पूर्ण गार होऊ द्या. पहिल्या काही दिवसांत निम्म्या मालावर चालवा, रस्त्यावर गाडी एकाच वेगात तासन् तास ठेवू नका.

साधारण ८०० किलोमीटरनंतर तेल बदला, ते अजून स्वच्छ दिसत असलं तरी. नव्या दातांचा पहिला बारीक कीस त्यात असतो. त्याच वेळी यू-बोल्ट, प्रॉपेलरच्या फ्लँजचे बोल्ट आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घ्या. काढलेल्या तेलात फक्त मऊ करडा लेप असेल तर पुढची बदली कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे करता येईल. टोचणारा चुरा दिसला तर ते तेल झाकणाच्या स्वच्छ डब्यात भरून, बिल आणि ठशाचा फोटो घेऊन त्याच दिवशी मिस्त्रीकडे जा.